कोपरीतील एका स्ट्रक्चरल ऑडिटचा अनुभव: चाचण्या चोख, अहवाल अर्धवट

ठाणे पूर्वेला कोपरीत आमची चार मजली सहकारी गृहनिर्माण संस्था १९८६ पासून उभी आहे. बत्तीस सदनिका, तळमजल्यावर सहा दुकाने आणि पूर्वेकडून येणारा खाडीचा वारा, असा तिचा थोडक्यात परिचय. या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट आम्ही २०२४ च्या उन्हाळ्यात एका सल्लागार संस्थेकडून करून घेतले. सोसायटीचा सचिव म्हणून ते सारे प्रकरण माझ्या हातून गेले, आणि त्या सेवेविषयी हे लिहीत आहे. सल्लागार संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. एक तर त्यांच्या देयकाचा शेवटचा हप्ता अजून आमच्याकडे आहे; दुसरे असे की शेजारच्या तीन सोसायट्यांचे वेगवेगळ्या सल्लागारांनी केलेले अहवाल चाळल्यावर, पुढे सांगितलेल्या उणिवा एकाच कार्यालयाच्या आहेत असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

माझ्याविषयी एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण या परीक्षणाची नजर तिथून आली आहे. मी अभियंता नाही. नवी मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. काँक्रीट आणि संरचना या विषयांवरची संशोधनपर नियतकालिके मी नोंदवली, बांधून घेतली, कपाटात लावली आणि बहुतेक वेळा तशीच झटकून पुन्हा लावली. त्यात जे छापून येत होते ते शेवटी कोणाच्या उपयोगी पडते, हा प्रश्न तेव्हा फावल्या वेळचा होता. घराच्या बीममधून सळई डोकावू लागल्यावर तो घरचा झाला.

ऑडिट आम्ही हौसेने केले नाही. आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवे. आमचे आधीचे ऑडिट कधी झाले याची नोंद इतिवृत्तात शोधूनही सापडली नाही. नौपाड्यातील कृष्णा निवास ही इमारत ४ ऑगस्ट २०१५ रोजी रात्री कोसळून बारा जणांचा जीव गेला, तेव्हा आमच्या सर्वसाधारण सभेत या विषयावर तावातावाने चर्चा झाली होती आणि पुढच्या सभेत ती रंगकामाकडे वळली होती. यावेळी महापालिकेची नोटीस आली, म्हणून तीन दरपत्रके मागवली आणि रिवाजाप्रमाणे सर्वांत स्वस्त दर स्वीकारला. जीएसटीसह एक लाख चौसष्ट हजार रुपये. सभेत एकाही सभासदाने कोणत्या चाचण्या होणार हे विचारले नाही. ‘सर्टिफिकेट किती दिवसांत मिळेल’ एवढे मात्र चौघांनी विचारले. अहवालात पुढे जे झाले त्यात आमचाही वाटा आहे.

प्रत्यक्ष इमारतीवरचे काम उत्तम झाले, आणि त्याचे श्रेय पूर्णपणे द्यायला हवे. चार दिवस एक तरुण अभियंता आणि दोन मदतनीस येत होते. या मुलीने मुंबईतून एम.टेक. केले होते. प्रत्येक सदनिकेत शिरण्याआधी तिने वेळ ठरवून घेतली, न्हाणीघरांच्या छतापर्यंत शिडी लावून पाहिले, हातोडीने प्लॅस्टर ठोकून कुठे पोकळ वाजते ते खडूने आखले आणि गळतीच्या तक्रारी ऐकताना कोणालाही मध्ये तोडले नाही. शेवटचा गुण मला सर्वांत दुर्मीळ वाटला. रिबाउंड हॅमरचे (काँक्रीटवर ठोका देऊन कठीणपणा मोजणाऱ्या साधनाचे) आकडे चाळीस जागी घेतले, अल्ट्रासॉनिक चाचणी (काँक्रीटमधून ध्वनिलहरी धाडून) चोवीस जागी, हाफ-सेल (सळईच्या गंजाचा अंदाज देणारी) बारा जागी झाली आणि तळमजल्याच्या कॉलममधून चार कोअर, म्हणजे ताकद मोजण्यासाठी कापलेले काँक्रीटचे दंडगोल, काढले. क्लोराइडची, म्हणजे सळई गंजवणाऱ्या मिठाच्या अंशाची, चाचणी मूळ कामात नव्हती. तिने आग्रह धरला, म्हणून नऊ हजार रुपये वाढवून सहा नमुने पाठवले.

लोक जमले ते कार्बोनेशनच्या चाचणीला. जिन्याखालच्या बीमचा कोपरा फोडून तिने त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारले, तेव्हा आतला भाग क्षणात गडद गुलाबी झाला आणि बाहेरचा पट्टा जसाच्या तसा राखाडी राहिला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी घाबरून विचारले, “गुलाबी म्हणजे सडलेलं ना गं?” ती म्हणाली, “उलटं आहे काकू. गुलाबी आहे तेवढंच काँक्रीट सळईला जपतंय. राखाडी भागाने राजीनामा दिलाय.” काँक्रीटचा अल्कधर्म सळईभोवती एक सूक्ष्म संरक्षक थर टिकवून ठेवतो, हवेतील कार्बन डायऑक्साइड तो अल्कधर्म बाहेरून आत संपवत येतो आणि ही सीमा सळईपर्यंत पोहोचली की गंजाला दार उघडे होते, हे तिने जिन्यात उभ्या असलेल्या आठ-दहा जणांना पाच मिनिटांत समजावले. आमची राखाडी पट्टी सरासरी ३७ मिलिमीटर खोल होती. सळईवरचे कव्हर, म्हणजे काँक्रीटचे आवरण, २० मिलिमीटर.

त्या दुपारी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत तिने माझ्या विजेच्या बिलाच्या पाठीवर एक आलेख काढला. तो मी जपून ठेवला आहे. एक आडवी रेघ, मग एका बिंदूपासून चढत जाणारी तिरकी रेघ. स्वीडनमधील क्यॉस्टी टूटी या संशोधकाने १९८२ मध्ये मांडलेली ही कल्पना आहे: सळईच्या गंजाचे दोन टप्पे असतात, पहिल्यात बाहेरून काहीच दिसत नाही आणि घातक द्रव्ये फक्त आत सरकत असतात, दुसऱ्यात गंज सुरू होतो, तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुटते. कार्बोनेशनची खोली साधारणपणे वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, हेही जुने संशोधन. अडतीस वर्षांत ३७ मिलिमीटर, म्हणजे वर्षांच्या वर्गमुळाला सहा मिलिमीटर. त्या हिशेबाने २० मिलिमीटरचे कव्हर अकरा वर्षांत ओलांडले गेले. “काका, तुमच्या सळईचं संरक्षण १९९७ च्या सुमारास संपलं. तुम्हाला भेग दिसली कधी?” भेग आम्हाला दिसली २००९ मध्ये. मधल्या बारा वर्षांत आम्ही इमारतीला दोनदा बाहेरून रंग दिला होता आणि ती अगदी नवी दिसते म्हणून एकमेकांचे अभिनंदनही केले होते.

इतकी चांगली सुरुवात झाल्यावर सहा आठवड्यांनी आलेला अहवाल मी अपेक्षेने उघडला. ९६ पाने होती आणि त्यांपैकी एकसष्ट पाने छायाचित्रांची. पान ३८ वर आमच्या इमारतीऐवजी नेरूळच्या एका सोसायटीचे नाव होते, त्यावरून अहवालाची जडणघडण कशी होते हे कळले. अशा चुका हसून सोडता येतात. ज्या सोडता येत नाहीत त्या अशा.

हाफ-सेल चाचणीत सळईचे विद्युत विभव मोजतात. अमेरिकी मानकातून जगभर रूढ झालेल्या निकषाप्रमाणे ते उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण असेल, तर त्या जागी गंजाची क्रिया चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक मानली जाते. आमच्याकडे पाच जागी उणे ३८० च्या आसपास आकडे आले. अहवालात त्यापुढे ‘गंजाचे प्रमाण ९० टक्के’ असे छापले होते. शक्यता आणि प्रमाण यांतला फरक त्या एका शब्दात पुसला गेला, आणि सभेत तिसऱ्या मजल्यावरचे एक सभासद उभे राहून ओरडले की सळईचे नव्वद टक्के लोखंड संपले आहे, आजच घरे रिकामी करा. ही चाचणी गंज चालू आहे का याचा अंदाज देते. किती झाला आणि किती वेगाने चालला आहे हे ती सांगतच नाही. ते पाहायला सळई उघडी करून तिचा व्यास मोजावा लागतो. त्या मुलीने तो सात ठिकाणी मोजलाही होता. अहवालात ती नोंद परिशिष्टाच्या शेवटच्या पानावर, कोणत्याही टिप्पणीविना पडून होती.

दुसरी चूक गप्प बसून होती, म्हणून अधिक धोक्याची. रिबाउंड हॅमरने काँक्रीटची ताकद सरासरी १८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाखवली. कोअरची ताकद १३.८, ११.६, १४.९ आणि १०.२ आली, म्हणजे सरासरी १२.६. अहवालाने या दोन सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढली, ती १५.३ भरली, आणि आमच्या काळच्या एम १५ प्रतीच्या (१५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीच्या) काँक्रीटची अट पूर्ण होत असल्याचा शेरा मारला. हे वाचताना मला भाजीच्या काट्यात अंगठा दाबणारा माणूस आठवला, फरक इतकाच की इथे कोणी मुद्दाम दाबला नव्हता.

हॅमर हे साधन स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिट यांनी १९४८ मध्ये पुढे आणले. ते पृष्ठभागाचा कठीणपणा मोजते; ताकद मोजत नाही, तिचा अंदाज बांधू देते. कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग आतल्या काँक्रीटपेक्षा कठीण होतो, त्यामुळे जुन्या इमारतीत हॅमर फसवतो. हे गुपित नाही. आयएस १३३११ या १९९२ च्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागातच म्हटले आहे की अंदाजात उणे-अधिक २५ टक्क्यांचा फरक पडू शकतो, आणि कार्बोनेशनमुळे टोकाच्या परिस्थितीत ताकद ५० टक्क्यांपर्यंत जास्त दिसू शकते. आमच्या काँक्रीटवर ३७ मिलिमीटरचा कार्बोनेशन झालेला थर आहे हे त्याच अहवालाच्या पान २२ वर होते, आणि हॅमरचा आकडा कोअरपेक्षा सुमारे ४३ टक्के जास्त आहे हे पान २६ वर. दोन पाने एकमेकांशी बोलली असती तर सरासरी काढण्याची वेळच आली नसती. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकात नव्या कामाच्या कोअरसाठी जी कसोटी आहे, सरासरी अपेक्षित ताकदीच्या किमान ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको, ती लावली तर एम १५ साठी १२.७५ आणि ११.२५ हे आकडे येतात. आमचे काँक्रीट दोन्हीकडे कमी पडते. जाता जाता: अहवालाने १९९२ च्या ज्या मानकाचा हवाला दिला होता त्याची जागा आयएस ५१६ च्या पाचव्या भागाने अल्ट्रासॉनिकसाठी २०१८ मध्ये आणि हॅमरसाठी २०२० मध्ये घेतली आहे. भारतीय मानके आता मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य उतरवता येतात, मी स्वतः घरबसल्या उतरवली, तेव्हा मिळाले नाही ही सबब इथे चालणार नाही.

तिसरी गोष्ट आमच्या खिशाशी थेट निगडित आहे. २०११ मध्ये आम्ही फुटलेल्या जागी पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती करून घेतली होती. चार-पाच वर्षांत त्या प्रत्येक ठिगळाच्या अगदी कडेला नव्या भेगा आल्या आणि तेव्हाच्या कंत्राटदाराला आम्ही मनसोक्त दूषणे दिली. वास्तविक हा प्रकार संशोधकांनी कित्येक दशकांपूर्वी ओळखून ठेवला आहे. आधी गंजणारा भाग स्वतः झिजून शेजारच्या सळईला एक प्रकारे वाचवत असतो. तिथे नवे, निर्दोष मॉर्टर भरले की ते संरक्षण जाते, विद्युत-रासायनिक भूमिका उलटतात आणि ठिगळाच्या भोवतालच्या, क्लोराइड मुरलेल्या जुन्या काँक्रीटमधली सळई गंजू लागते. त्यामुळे आधी क्लोराइड मोजायचे आणि ते जास्त असेल तर दूषित काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढायचे किंवा ठिगळाच्या कडेला जस्ताचे त्यागी अग्र (स्वतः झिजून सळईला वाचवणारे तुकडे) बसवायचे, हा त्यावरचा उपाय. आमच्या सहापैकी दोन नमुन्यांत सळईच्या खोलीवर घनमीटरला १.१ किलो क्लोराइड निघाले. प्रबलित, म्हणजे सळई घातलेल्या, काँक्रीटसाठी आयएस ४५६ ची मर्यादा ०.६ किलो आहे. तरीही शिफारशीत पुन्हा तेच लिहिले होते: फुटलेला भाग तोडा, मॉर्टर भरा, रंग द्या.

क्लोराइड आमच्याकडे आले कुठून, याचे आश्चर्य ठाण्यात कोणाला वाटू नये. वारा खाडीवरून येतो, आणि त्या काळी अनेक इमारतींची रेतीही खाडीतूनच येत असे; मुंब्र्याचे रेतीबंदर नावातच ते सांगते. वाशीचा १९७३ मध्ये खुला झालेला खाडीपूल आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या पूर्वताणित (प्रीस्ट्रेस्ड) काँक्रीटमधल्या ताणलेल्या तारांना गंज लागल्यावर दुरुस्तीचा किती खटाटोप झाला आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल आला, हे या भागातल्या अभियंत्यांना नव्याने सांगावे लागत नाही. त्याच खाडीच्या काठावरच्या घराच्या अहवालात क्लोराइडची चाचणी ऐच्छिक असावी, हे मला अजूनही उमगत नाही.

भूकंपाविषयी अहवालात एक ओळ होती: ‘इमारत भूकंपक्षेत्र ३ मध्ये आहे.’ पूर्णविराम. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांत तळमजला भिंतींविना मोकळा असलेल्या पुष्कळ होत्या, आणि अहमदाबाद तेव्हाही क्षेत्र ३ मध्येच होते. आमच्या तळमजल्यावर दोन दुकानदारांनी मधली भिंत काढून गाळा प्रशस्त केला आहे. विद्यमान इमारतींची भूकंपदृष्ट्या तपासणी कशी करावी यासाठी आयएस १५९८८ हे मानक २०१३ पासून आहे. त्याचा उल्लेख नव्हता, आणि गेलेल्या भिंतीचाही नव्हता.

या साऱ्याची यादी घेऊन आम्ही सल्लागारांच्या कार्यालयात गेलो. तिथले ज्येष्ठ भागीदार सुमारे साठीचे, अनुभवी आणि बोलण्यात सरळ. त्यांनी चुका नाकारल्या नाहीत. “महिन्याला वीस इमारती येतात. तुमच्या दरात अभियंता चार दिवस साइटवर आणि अर्धा दिवस अहवालावर, एवढंच बसतं. अहवाल ऑफिसातला मुलगा साच्यात भरतो. आणि खरं सांगू का, महापालिका सी-२ बी की सी-१ एवढंच बघते, सोसायटी तेवढंच बघते. सव्वीसावं पान वाचणारे तुम्ही पहिले.” वर्गवारीतला सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य व पाडण्याजोगी, आणि सी-२ बी म्हणजे रहिवासी ठेवून दुरुस्त करण्याजोगी इमारत; आम्हाला सी-२ बी मिळाला होता आणि सभेने टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यांचे म्हणणे मला पटले नाही, पण ग्रंथपाल म्हणून ओळखीचे वाटले. संशोधनाचा प्रभाव मोजण्याची आमच्या जगातली रीत म्हणजे एका लेखाचा उल्लेख दुसऱ्या किती लेखांनी केला ते मोजणे. त्या गणतीत कोपरीतला जिन्याखालचा बीम कुठेच येत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये खर्चून तीस प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना खुली झाली आहेत, आणि ही मोठी गोष्ट आहे; परंतु ज्या खासगी सल्लागाराच्या सहीवर बत्तीस कुटुंबे रात्री झोपतात तो तिच्या बाहेरच राहतो. आणि तो आत असता तरी? १९२७ पासून निघणारे ‘इंडियन कॉंक्रीट जर्नल’ कितीतरी वर्षे इथूनच, ठाण्यातल्या एलबीएस मार्गावरून प्रसिद्ध होत असे. आमच्या ग्रंथालयातले त्याचे बांधीव खंड मी निवृत्त होईपर्यंत नव्यासारखे होते. या अहवालात जे चुकले ते समजायला ताज्या शोधनिबंधाची गरजही नव्हती. १९८२ चा आलेख आणि १९९२ चे मानक पुरेसे होते. ते ज्ञान आमच्या गच्चीपर्यंत आले होते. गच्चीवरून कार्यालयात जाऊन, साच्यातून छापून पुन्हा तळमजल्यावर येईपर्यंत ते गळून गेले.

तक्रारीनंतर महिन्याभरात, जादा शुल्क न घेता, अकरा पानांचा पुरवणी अहवाल मिळाला. तो त्या मुलीने स्वतः लिहिला होता आणि मूळ ९६ पानांपेक्षा कितीतरी उपयोगी होता. सरासरी रद्द झाली. कोअरचे आकडे ग्राह्य धरून तळमजल्याच्या नऊ कॉलमना जॅकेटिंग (भोवती नवे कवच घालणे) सुचवले, क्लोराइड असलेल्या दोन भागांसाठी वेगळी दुरुस्ती लिहिली, दुकानांमधली भिंत परत बांधण्याची सूचना केली (दुकानदार अजून बोलत नाहीत) आणि रंगकाम शेवटच्या क्रमांकावर टाकले. दुरुस्तीचा अंदाज वाढला. वर्गवारी सी-२ बी च राहिली, पण कामे होईपर्यंत गच्चीवरच्या दोन जादा टाक्या रिकाम्या ठेवण्याची अट आली.

चाचण्यांच्या कामाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, मूळ अहवालाला दीड आणि चूक दाखवल्यानंतरच्या वागणुकीला चार. पुढचे ऑडिट २०२७ मध्ये आहे आणि काम याच संस्थेला द्यायला माझी हरकत नाही, मात्र कार्यादेशाचा मसुदा मी आत्ताच करून समितीच्या फायलीत ठेवला आहे. साइटवर येणाऱ्या अभियंत्यानेच अहवाल लिहावा आणि सभेत येऊन तो समजावावा. किमान सहा कोअर आणि बारा क्लोराइड नमुने मूळ दरातच धरावेत. हॅमरचा आकडा कोअरशी पडताळल्याखेरीज वापरू नये. २०२४ चे सर्व आकडे शेजारच्या रकान्यात द्यावेत. या अटींसह दर दुप्पट होईल असे खजिनदार म्हणतात. बत्तीस घरांत वाटला तर वाढीव भाग प्रत्येकी साधारण पाच हजारांचा होतो. तो विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या कार्यपत्रिकेत सातवा आहे, रंगाच्या छटेच्या निवडीनंतर.